कुंडीतील सुगंधी झुडपे: पाने भरपूर, पण फुले का धरत नाहीत?

आपल्या गॅलरीत सकाळी साधारण दहापर्यंत ऊन येते आणि तेथे मोगरा, अनंत व रातराणी ही तीन झाडे दोन वर्षांपासून कुंड्यांत आहेत. मोगऱ्याला पाने भरपूर पण फुले मोजकी, अनंताच्या कळ्या उमलण्याआधीच गळतात व त्याची नवी पाने पिवळी पडतात, रातराणी नुसतीच उंच वाढते, आणि या तिन्हींसाठी कोणते खत घालावे, असा आपला प्रश्न आहे. खताचे उत्तर मी बरेच पुढे देणार आहे, कारण आपण सांगितलेल्या लक्षणांपैकी एकही लक्षण मला निव्वळ खताच्या उणिवेचे वाटत नाही. ज्या मोगऱ्याला पाने भरपूर आहेत, तो उपाशी नाही. त्याला फुलण्याचे कारण मिळालेले नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मोगरा, रातराणी, चमेली, पारिजातक, कामिनी या बहुतेक सुगंधी झुडपांची फुले त्याच हंगामात आलेल्या कोवळ्या फुटीच्या टोकाशी किंवा टोकाजवळच्या पानांच्या बेचक्यात येतात. जुन्या, कडक झालेल्या फांदीवर थेट कळी धरत नाही. त्यामुळे भरपूर फुले हवी असतील तर योग्य वेळी भरपूर नवी फूट यायला हवी आणि ती जोमदार, उन्हात पोसलेली असायला हवी. ही फूट किती येणार हे मुळांवर व छाटणीवर ठरते आणि तिच्या टोकाला कळी धरणार की पुन्हा पानच येणार, हे प्रामुख्याने उन्हावर ठरते. पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीभोवतीच आहे.

प्रथम उन्हाकडे पाहू. मोगऱ्याला मनासारखा बहर येण्यासाठी दिवसाला किमान पाच ते सहा तास थेट ऊन लागते. येथे थेट ऊन म्हणजे हाताची स्पष्ट, काठ धारदार असलेली सावली पडेल असे ऊन. गॅलरी उजळ असणे म्हणजे ऊन असणे नव्हे. आपले डोळे अंधुक उजेडाशी चटकन जुळवून घेतात, म्हणून भिंतीजवळची जागाही आपल्याला प्रकाशमान वाटते, परंतु कठड्यापासून दोन-तीन फूट आत गेले तरी झाडाला मिळणारा प्रकाश फार घटलेला असतो. एखाद्या निरभ्र दिवशी दर तासाला कुंडीवर ऊन आहे की नाही याची नोंद करावी आणि ही नोंद वर्षातून किमान दोनदा, उन्हाळ्यात व हिवाळ्यात, घ्यावी, कारण सूर्याचा मार्ग बदलला की त्याच जागेचे ऊन दोन तासांनी सहज कमी-जास्त होते. ऊन अपुरे असल्याची खूण झाडावरच दिसते: दोन पानांच्या जोड्यांमधील अंतर वाढते, पाने मोठी, पातळ व गडद हिरवी होतात आणि शेंडे उजेडाच्या दिशेने झुकून वेलीसारखे लांबतात. आपण मोगऱ्याचे आणि रातराणीचे जे वर्णन केले आहे ते या खुणेशी तंतोतंत जुळते.

म्हणून पहिला बदल जागेचा करावा. मोगरा आणि रातराणी कठड्याच्या अगदी बाहेरच्या बाजूला, किंवा शक्य असल्यास गच्चीवर न्यावीत. अनंताला मात्र सकाळचे ऊन आणि दुपारची सावली हीच जागा मानवते, त्यामुळे तो आहे तेथे राहू द्यावा. सावलीत वाढलेले झाड एकदम दिवसभराच्या उन्हात ठेवले तर पाने करपतात, यासाठी आठ-दहा दिवसांत हळूहळू उन्हाचे तास वाढवावेत. जागा बदलणेच शक्य नसेल, तर मोगऱ्याकडून मोठ्या बहराची अपेक्षा सोडावी आणि कमी उन्हातही फुलणारी झाडे निवडावीत, असे मी स्पष्टपणे सांगेन. कामिनी, जिला कुंतीही म्हणतात, तीन-चार तासांच्या उन्हावरही वर्षातून अनेकदा फुलते. पहिल्या दिवशी जांभळी, मग फिकट आणि शेवटी पांढरी होणारी फुले देणारे ब्रुनफेल्सिया हे झुडूपही अर्ध्या सावलीत चांगले येते.

दुसरी गोष्ट मुळांची, आणि कुंडीतील झाडांबाबत सर्वांत दुर्लक्षित राहते ती हीच. दोन वर्षे एकाच कुंडीत असलेल्या मोगऱ्याची कुंडी एकदा आडवी करून, कडेने हलके ठोकून, मातीचा गोळा अखंड बाहेर काढून पाहावा. निरोगी गोळ्यात मुळांची टोके पांढरट, भरीव दिसतात आणि मातीला पावसानंतरच्या जमिनीसारखा वास येतो. मुळे तपकिरी, बोटांनी दाबल्यास साल निघून आत फक्त दोरा उरेल अशी असतील आणि गोळ्याच्या तळाला कुबट वास येत असेल, तर तळाशी पाणी साचून मुळे कुजत आहेत. तिसरी शक्यता अशी की कुंडीच्या भिंतीलगत मुळांचे गोल गोल वेढे दाट बसलेले असतात आणि माती जवळपास उरलेलीच नसते. अशा गोळ्यावर ओतलेले पाणी कडेच्या फटीतून थेट खाली निघून जाते आणि मधला भाग कोरडाच राहतो. वरून पाहणाऱ्याला मात्र आपण रोज भरपूर पाणी घालतो आहोत असे वाटत राहते. ही तीन चित्रे वेगळी आहेत, त्यांचे उपायही वेगळे आहेत, आणि गोळा बाहेर काढून पाहिल्याशिवाय त्यांतील भेद कळत नाही.

तळाशी पाणी साचण्याचा विषय निघाला आहे म्हणून एक रूढ समज दुरुस्त करणे आवश्यक वाटते. निचरा चांगला व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी खडे, विटांचे तुकडे किंवा वाळूचा थर देण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. प्रत्यक्षात बारीक कणांच्या मातीतील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत ते सीमेवरच अडून राहते. त्यामुळे पाण्याने भरलेला थर नाहीसा होत नाही, तो फक्त खड्यांच्या उंचीइतका वर, मुळांच्या अधिक जवळ सरकतो. एखादा ओला स्पंज आडवा धरून पाणी गळायचे थांबू द्यावे आणि मग तोच उभा करावा. पुन्हा पाणी गळू लागते. उंच मातीस्तंभात तळाचा ओला भाग तुलनेने कमी राहतो, उथळ कुंडीत तो जास्त राहतो. म्हणून निचऱ्यासाठी छिद्रावर जाळीचा किंवा खापराचा एक तुकडा पुरे, बाकी सगळी कुंडी एकसारख्या मिश्रणाने भरावी आणि निचरा मिश्रणातूनच साधावा.

मिश्रण कसे असावे? नुसती बागेतील माती कुंडीत काही महिन्यांत दबून घट्ट होते, आणि नुसते कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वरून कोरडे व आतून ओले राहून फसवते. माझ्या वापरातील मिश्रणात सुमारे एक भाग चांगली माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, अर्धा ते एक भाग धुतलेले कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू किंवा परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खनिज दाणे) असते. काळी, चिकण माती असेल तर तिचे प्रमाण निम्म्यावर आणावे. कोकोपीट धुऊन घेण्याचा आग्रह अशासाठी की त्यात बहुधा क्षार राहिलेले असतात आणि ते कोवळ्या मुळांना बाधतात. मूठभर ओले मिश्रण दाबून हात उघडल्यावर गोळा तयार व्हावा, पण बोटाने टोकरताच तो मोडावा. ही परीक्षा कोणत्याही प्रमाणापेक्षा अधिक भरवशाची आहे.

कुंडीचे आकारमान झाडाच्या मानाने ठरवावे. मोगऱ्याला 12 इंच, अनंताला 12 ते 14 इंच, रातराणी व पारिजातक यांना 16 ते 18 इंच व्यासाची कुंडी पुरते. लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत लावू नये, कारण ज्या मातीपर्यंत मुळे पोचलेली नाहीत तिच्यातील पाणी कोणी शोषत नाही आणि ती माती आंबट होते. मातीची कुंडी भिंतीतून बाष्प सोडते, मुळांना गार ठेवते, पण उन्हाळ्यात लवकर कोरडी पडते. प्लॅस्टिकची कुंडी ओल धरून ठेवते, परंतु गडद रंगाच्या कुंडीची उन्हाकडील बाजू दुपारी इतकी तापते की त्या बाजूची मुळे मरतात. मुळांभोवतीचे तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर गेले की बहुतेक झाडांच्या मुळांना इजा होते. यासाठी पानांना ऊन आणि कुंडीला सावली अशी व्यवस्था करावी: एका कुंडीपुढे दुसरी लहान कुंडी ठेवावी, किंवा प्लॅस्टिकची कुंडी मातीच्या मोठ्या कुंडीत बसवावी.

मुळांचे वेढे दाट झाले असतील तर कुंडी मोठी करणे हा एकच उपाय नाही. गोळ्याच्या कडेचा व तळाचा साधारण चौथा हिस्सा धारदार सुरीने कापून काढावा, उरलेली मुळे काडीने सैल करावीत आणि त्याच कुंडीत ताजे मिश्रण भरून झाड पुन्हा लावावे. त्याच वेळी फांद्याही तेवढ्याच प्रमाणात छाटाव्यात, म्हणजे कमी झालेल्या मुळांवर पानांचा भार पडत नाही. दर दोन-तीन वर्षांनी हे करावे आणि त्यासाठी नवी फूट सुरू होण्याच्या थोडा आधीचा काळ निवडावा. सोनचाफा मात्र याला अपवाद आहे. त्याची मुळे मांसल असतात, कापलेली सहन होत नाहीत, म्हणून त्याचा गोळा न फोडता तसाच मोठ्या कुंडीत हलवावा. सोनचाफा कुंडीत लावायचा असल्यास कलमीच घ्यावा, कारण बियांपासून वाढलेल्या झाडाला फुलण्यासाठी अनेक वर्षे लागतात.

पाणी किती घालावे, याचे उत्तर पेल्यांत किंवा दिवसांत देता येत नाही. बोट दोन पेरे मातीत घालावे; तेथे कोरडे लागले की छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरपूर पाणी द्यावे, आणि ओल लागली तर त्या दिवशी काहीच देऊ नये. रोज थोडे थोडे पाणी शिंपडल्याने वरचा थर भिजतो, खालची मुळे तहानलेली राहतात आणि पाण्यातील क्षार बाहेर न पडता मातीतच साठत जातात. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरा थर दिसू लागला की हे घडत आहे असे समजावे. दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडीच्या घनफळाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढावेत आणि त्यासाठी कुंडीखालची बशी काढून ठेवावी, नाहीतर धुतलेले क्षार पुन्हा वर शोषले जातात. आपण बशी कायम भरलेली ठेवत असाल तर आजपासूनच ती रिकामी करावी.

कामिनी, मोगरा आणि इतर काही झुडपांना बहरापूर्वी थोडी तहान उपयोगी पडते. कोरड्या काळानंतर पहिला चांगला पाऊस झाला की कामिनी पांढरीशुभ्र होते हे अनेकांनी पाहिले असेल. कुंडीत हाच परिणाम साधण्यासाठी पाने किंचित मलूल होईपर्यंत पाणी रोखावे आणि मग भरपूर द्यावे. परंतु कुंडीत जमिनीसारखा खोल ओलावा नसतो, म्हणून हा प्रयोग निरोगी, रुळलेल्या झाडावरच आणि कडक उन्हाळा वगळूनच करावा. अनंतावर तो कधीही करू नये.

आता छाटणी. माझ्या मते घरगुती बागेत फुले कमी येण्याचे, उन्हाखालोखाल, मोठे कारण म्हणजे छाटणीची भीती. मोगऱ्याची मुख्य छाटणी थंडी ओसरू लागताच, नवी पालवी फुटण्याआधी करावी. सगळ्या फांद्या मातीपासून 30 ते 45 सें.मी. उंचीवर, एखाद्या पेराच्या वर अर्धा सेंटीमीटर जागा सोडून कापाव्यात. वाळलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि आत वळलेल्या फांद्या मुळाशी काढाव्यात आणि उरलेली जुनी पानेही हाताने ओरबाडून नव्हे तर देठाशी धरून काढून टाकावीत. झाड बोडके दिसते, पहिल्या वेळी मन धजावत नाही, पण दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक पेरातून दोन कोंब फुटतात आणि त्यांपैकी बहुतेकांच्या टोकाला कळ्या धरतात.

ही मुख्य छाटणी वर्षातून एकदाच. पण खरा फरक पडतो तो बहर चालू असताना करायच्या छोट्या छाटणीने. मोगऱ्याची कोवळी फूट नीट न्याहाळावी. तिच्या टोकाला बहुधा तीन कळ्यांचा झुबका असतो, मधली कळी आधी उमलते आणि बाजूच्या दोन त्यानंतर. तिन्ही फुले होऊन गेली की ते टोक तेथेच संपते. ते तसेच ठेवले तर फांदी रेंगाळते. झुबक्याखालच्या पानांच्या एक-दोन जोड्यांसह टोक खुडले तर खालच्या बेचक्यांतून दोन नव्या फुटी येतात आणि साधारण महिना-दीड महिन्यात त्यांच्यावर पुन्हा कळ्या दिसतात. एका टोकाची दोन, दोनांची चार अशी टोके वाढत जातात आणि बहराच्या अखेरीस झाड सुरुवातीपेक्षा अधिक फुलते. फुले तोडताना देठासह एक पानजोडी खुडण्याची सवय लावून घेतली तर वेगळी छाटणी करावीही लागत नाही.

रातराणीला याहून निर्दयपणे छाटले तरी चालते, किंबहुना तसेच छाटावे लागते. ती बहराच्या लाटांनी फुलते. एक लाट ओसरली की प्रत्येक फांदी एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कापावी. न छाटलेली रातराणी उंच उंच जाते, खालून उघडी पडते आणि फुले हात न पोचणाऱ्या टोकांवरच येतात. आपली रातराणी सध्या याच अवस्थेत आहे; ती अर्ध्यावर आणून उन्हात ठेवल्यास पुढच्या फुटीवर फुले यायला हरकत नाही.

पारिजातक पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत फुलतो, म्हणून त्याची छाटणी बहर संपल्यावर करावी. ऐन पावसाळ्यात शेंडे खुडले तर त्या वर्षीची फुलेच खुडली जातात. कुंद हे झुडूप थंडीत फुलते, तेव्हा त्याला थंडीच्या तोंडावर हात लावू नये. जाई, जुई, चमेली या वेली असल्यामुळे त्यांना मोठी कुंडी आणि आधार लागतो, आणि त्यांची छाटणीही हिवाळ्यात, विश्रांतीच्या काळात करतात. कामिनीला कात्रीने कुंपणासारखे सतत गोल कापत राहिल्यास ती हिरवीगार दिसते पण फुलत नाही, कारण प्रत्येक वेळी कळी धरणारे टोकच निघून जाते.

अनंताचे सगळेच निराळे आहे, आणि आपल्या तीन झाडांपैकी अधिक काळजी मला त्याचीच वाटते. त्याच्या कळ्या फार सावकाश तयार होतात; कळी दिसू लागल्यापासून उमलेपर्यंत अनेक आठवडे जातात आणि एवढ्या काळात झाडाला कोणताही धक्का बसला तर ते प्रथम कळ्या टाकून देते. एकदा कडकडीत कोरडे पडणे, त्यानंतर एकदम भरपूर पाणी मिळणे, वातानुकूलन यंत्राची कोरडी हवा, कुंडीची जागा किंवा दिशा बदलणे, उष्ण रात्री, यांपैकी काहीही पुरेसे होते. रात्रीचे तापमान 16 ते 18 अंशांच्या आसपास असताना अनंताला कळ्या उत्तम धरतात. रात्री उबदार राहिल्या की धरलेल्या कळ्याही टिकत नाहीत. यातील हवामान आपल्या हाती नाही, पण बाकी सगळे आहे. कळ्या दिसू लागल्यापासून कुंडी हलवू नये, मातीची ओल एकसारखी ठेवावी, मातीवर वाळलेल्या पानांचे आच्छादन पसरावे आणि चार-पाच कुंड्या एकत्र ठेवाव्यात, म्हणजे त्यांच्यामधील हवा थोडी दमट राहते.

पिवळी पाने हा अनंताचा दुसरा प्रश्न. येथे कोणती पाने पिवळी पडतात आणि कशी, हे बघण्याला फार महत्त्व आहे. खालची, जुनी पाने एकसारखी पिवळी पडून गळत असतील तर नत्राची कमतरता किंवा पाण्याचा अतिरेक असू शकतो. जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा होत असेल तर मॅग्नेशियम कमी असू शकते. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असे जाळीदार चित्र दिसत असेल तर ती लोहाची कमतरता आहे, आणि आपण नवी पाने पिवळी पडतात असे लिहिले असल्याने मला हीच शक्यता अधिक वाटते. अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; 7 च्या खाली आम्लधर्मी) साधारण 5 ते 6 असावा. पाणी जड असेल तर त्यातील बायकार्बोनेट क्षारांमुळे मातीचा सामू हळूहळू वर चढतो, आणि मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. म्हणजे येथे उणीव मातीत नाही. दार बंद झाले आहे. कुंडीत गंजलेले खिळे पुरण्याचा उपाय अनेक जण सुचवतात, पण गंजातील लोह अशा मातीत विरघळत नसल्याने त्याचा उपयोग होत नाही. पावसाचे पाणी साठवता आले तर अनंतासाठी राखून ठेवावे. तात्पुरत्या उपायासाठी चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात सेंद्रिय रेणूत बांधलेले लोह) द्यावे, आणि ते घेताना वेष्टनावरील प्रकार वाचावा: ईडीटीए प्रकारातील लोह सामू 6.5 च्या वर गेला की मातीत टिकत नाही, म्हणून ते पानांवर फवारण्यासाठी ठीक. मातीतून द्यायचे तर ईडीडीएचए प्रकारच कामाचा. मातीचा सामू खाली आणण्यासाठी गंधकाची भुकटी अल्प प्रमाणात मिसळता येते, पण तिचे आम्लात रूपांतर मातीतील जिवाणू करतात आणि त्याला काही आठवडे लागतात, म्हणून लगेच परिणाम दिसला नाही तरी मात्रा वाढवू नये. आधीच पिवळी झालेली पाने पूर्ण हिरवी होतील असे नाही. सुधारणा झाली की नाही हे पुढच्या पालवीवरून ठरवावे.

मोगऱ्याच्या कळ्या गळण्याचे मात्र एक वेगळे कारण असते, आणि ते ओळखू न आल्यामुळे लोक वर्षानुवर्षे खते बदलत राहतात. कळी पांढरी होण्याऐवजी जांभळट पडते, बुडाशी किंचित फुगते, मग सुकून गळते, असे आढळले तर अशी एक कळी नखाने उभी चिरून पाहावी. आत पाकळ्यांच्या बुडाशी पांढुरक्या, टाचणीच्या टोकाएवढ्या अळ्या वळवळताना दिसल्या तर तो कळीमाशीचा प्रादुर्भाव आहे. ही माशी डासापेक्षाही लहान असते, कोवळ्या कळीत अंडी घालते, आणि अळ्या मोठ्या झाल्या की मातीत उतरून कोषात जातात. म्हणून बाहेरून केलेली फवारणी आतल्या अळीपर्यंत पोचत नाही आणि गळलेली कळी कुंडीतच राहिली तर पुढची पिढी तेथेच तयार होते. जांभळट झालेली प्रत्येक कळी, झाडावरची आणि खाली पडलेलीही, रोज वेचून पिशवीत बंद करून टाकावी, मातीचा वरचा दोन-तीन सें.मी.चा थर उकरून उन्हात वाळू द्यावा किंवा बदलावा, आणि कळ्या अगदी बारीक असतानाच आठवड्याच्या अंतराने निंबोळी तेल फवारावे. हे दोन-तीन आठवडे न चुकता केले तर फरक स्पष्ट दिसतो. कळीला बारीक भोक असेल आणि शेजारच्या कळ्या जाळीने एकमेकींना चिकटल्या असतील, तर ती कळी पोखरणारी अळी. तिच्यावरही उपाय हाच.

इतर किडी त्या मानाने सोप्या आहेत. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसून काढावेत. मावा आणि लाल कोळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने, पानांची खालची बाजू धुऊन, बऱ्याच अंशी जातात. अनंताच्या पानांवर काजळीसारखा काळा थर आला तर तो थर हा मूळ रोग नसून पांढरी माशी किंवा खवले कीड यांनी सोडलेल्या चिकट स्रावावर वाढलेली बुरशी असते. कीड आवरली की ती थांबते. निंबोळी तेल लिटरला 5 मि.ली. घेऊन त्यात थोडा सौम्य साबण मिसळावा आणि फवारणी संध्याकाळी, पाणी दिलेल्या झाडावर करावी. उन्हात केलेल्या तेलाच्या फवारणीने पाने भाजतात.

आता खत. नवी फूट दिसू लागली की 12 इंचांच्या कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड मातीच्या वरच्या थरात मिसळावी. वाढीच्या काळात दर पंधरा दिवसांनी 19:19:19 सारखे (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले) संतुलित विद्राव्य खत लिटरला 1 ते 2 ग्रॅम या प्रमाणात द्यावे. अनंताला निम्मे प्रमाण पुरते. कोरड्या मातीत खताचे पाणी कधीही घालू नये, आधी साधे पाणी द्यावे. विश्रांतीच्या काळात, आजारी झाडाला आणि नुकत्याच कुंडी बदललेल्या झाडाला खत देऊ नये. युरिया किंवा नत्रप्रधान खत वारंवार दिल्यास नेमके आपण वर्णन केले आहे तसे झाड तयार होते: हिरवेगार, लांबलचक आणि फुलांविना. फुलांसाठी हाडांचा चुरा घालण्याची पद्धत आहे, परंतु त्यातील स्फुरद (फॉस्फरस) आम्लधर्मी मातीतच हळूहळू मोकळा होतो. सामू 7 च्या वर असलेल्या कुंडीत तो पडून राहतो.

ज्यांच्याकडे हिवाळ्यात पारा गोठणबिंदूपर्यंत उतरतो त्यांनी ही झाडे वेळीच घरात, भरपूर उजेड येणाऱ्या खिडकीशी न्यावीत आणि पाणी कमी करावे. थंडीत मोगऱ्याची काही पाने गळाली तरी घाबरू नये आणि खत देऊन त्याला उठवण्याचा प्रयत्न करू नये.

फुले येतात पण वास येत नाही, अशीही तक्रार अनेकांची असते. मोगरा, रातराणी आणि अनंत यांचा सुगंध मुख्यतः निशाचर पतंगांसाठी असतो, म्हणून संध्याकाळनंतर तो वाढतो. रातराणीला तर दिवसा जवळजवळ वासच नसतो. मोगऱ्याची फुले सकाळी तोडून दुपारी हुंगण्यापेक्षा पूर्ण भरलेल्या, पण न उमललेल्या कळ्या दुपारनंतर तोडून ठेवाव्यात. त्या संध्याकाळी उमलतात आणि त्यांचा दरवळ रात्रभर टिकतो. झाड उन्हाविना वाढलेले असेल तर वासही फिका राहतो, कारण सुगंधी द्रव्ये तयार करण्यासाठी झाडाकडे शिलकीची साखर असावी लागते.

रातराणीच्या जागेविषयी एक सूचना आवर्जून देतो. तिचा वास बंद जागेत काहींना सहन होत नाही, डोके दुखते, दमा असलेल्यांना त्रास होऊ शकतो. त्यामुळे ती निजायच्या खोलीच्या खिडकीला लागून ठेवू नये, वाऱ्याने वास खोलीत येणार नाही अशा बाजूला थोड्या अंतरावर ठेवावी. फुलांनंतर येणारी तिची पांढरी फळे विषारी असतात, घरात लहान मुले किंवा पाळीव प्राणी असतील तर बहर ओसरताच ती छाटून टाकावीत. ब्रुनफेल्सियाही कुत्र्यांना विषारी आहे, तेव्हा वर सुचवलेला तो पर्याय निवडण्याआधी याचा विचार करावा.